नाक चोंदण्याची जुनी गोष्ट

गटातल्या एखादीचं नाक बारमाही चोंदलेलं असलं, की आपण म्हणतो, "तिची प्रकृतीच सर्दीची." पण याची कारणं माणूस फार पूर्वीपासून शोधतो आहे.

आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत सर्दीला प्रतिश्याय म्हटलंय. तिच्या कारणांत धूर, धूळ आणि थंडी सरळ सांगितली आहेत. १८१९ साली इंग्लंडच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात होणारा स्वतःचाच त्रास लिहून ठेवला. त्यांनी दोष दिला उष्म्याला. १८७३ साली चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून गवताचे परागकण पकडले. १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द दिला. १९६०च्या दशकात घरातल्या धुळीतले, डोळ्यांना न दिसणारे किडेही सापडले.

दोन्ही नाकपुड्यांतून एकच हवा आत जाते. ती खुपली, की दोन्हीकडचं अस्तर सुजतं आणि वाट बंद होते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. महिनोन्‌महिने चोंदलं, तर हवेकडे बघा.

आपल्या कर्जत-खालापुरात उन्हाळ्यात राब भाजतात, वीटभट्ट्या पेटतात. पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. पुढे भात झोडणीची धूळ. आणि चूल तर बारा महिने! १९८०च्या दशकात सरकारने निर्धूर चुली आणल्या, १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली. तरी सिलेंडर संपला की फुंकणी पुन्हा हातात येते, आणि धुरापाशी सगळ्यात जास्त वेळ बसते ती बाईच.

म्हणून चुलीवरच्या भिंतीत झरोका ठेवा. लाकडं सुकी वापरा. ऊन पडलं की गोधड्या बाहेर टाका. झोडणीला नाकाला पदर बांधा. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घालू नका. त्यांनीच नाक पुन्हा चोंदतं. गरोदरपणातही नाक चोंदतं, तेव्हा मनाने औषध घेऊ नका.

एकच नाकपुडी बंद असेल, तर गोष्ट वेगळी. लहान मुलाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड आला, तर आत मणी किंवा चिंचोका अडकलेला असू शकतो. घरी काढू नका, दवाखान्यात न्या.

पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला, की एकमेकींना विचारा: तुझ्या घरातला धूर कुठून बाहेर जातो?