टच डिटेक्टिव्ह
टच डिटेक्टिव्ह : निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या संचासाठी जपानमधील बीवर्क्स या संस्थेने तयार केलेला विनोदी हेरगिरीचा ॲडव्हेंचर गेम. जपानमध्ये तो ‘ओसावारी तांतेई ओझावा रिना’ या नावाने २००६ मध्ये प्रकाशित झाला आणि त्याच वर्षी ॲटलस या कंपनीने त्याची इंग्रजी आवृत्ती उत्तर अमेरिकेत आणली. मूळची नायिका रिना या आवृत्तीत मॅकेंझी झाली. कल्पकतेबद्दल कौतुक आणि रचनेबद्दल नाराजी या दोन्हींचा तो सारखाच धनी ठरला.

ॲडव्हेंचर गेम म्हणजे खेळाडूच्या हाताच्या चपळाईची परीक्षा न घेता वस्तू शोधणे, पात्रांशी बोलणे आणि हाती आलेली वस्तू योग्य जागी वापरणे यांतून कथा पुढे नेणारा खेळ होय. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) यांसारख्या खेळांमुळे हा प्रकार घरगुती संगणकावर आणि माउसच्या आधाराने फोफावला होता. २००४ मध्ये आलेल्या डीएसला दोन पडदे होते व त्यांतील खालचा पडदा स्पर्शाला प्रतिसाद देत असे. त्यामुळे माउसचे काम स्टायलस ही छोटी प्लॅस्टिकची काडी करू लागली आणि मागे पडत चाललेल्या या प्रकाराला हातातल्या संचावर नवे घर मिळाले.

मॅकेंझी ही अजून पुरती मोठीही न झालेली मुलगी असून, वडिलांचा हेरगिरीचा वारसा पुढे चालवण्याची तिची इच्छा आहे. घरात क्रॉमवेल हा बटलर आणि फंगी नावाची चालतीबोलती अळंबी तिच्या सोबतीला असतात. ‘ग्रेट डिटेक्टिव्ह सोसायटी’ या मंडळाने आपल्याला खरी गुप्तहेर मानावे यासाठी ती एकेक प्रकरण हाती घेते. ही प्रकरणे खून-दरोड्याची नसतात. पहिल्याच प्रकरणात पेनेलोप ही मैत्रीण आपली स्वप्ने कोणीतरी चोरत असल्याची तक्रार घेऊन येते, आणि मॅकेंझी ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता नोंदवून घेते. खेळाची सगळी गंमत या कोरडेपणात आहे. खालच्या पडद्यावर ती समोरच्याशी सभ्यपणे बोलत असते, तर वरच्या पडद्यावर तिचा मोठा चेहरा आणि मनातला विचार दिसतो, आणि या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो. डीएसच्या जोडपडद्याचा विनोदासाठी इतका नेमका वापर फार थोड्या खेळांनी केला. वाटेत भेटणाऱ्या वस्तूंना हात लावून त्यांचा स्पर्श कसा वाटला याची टिपणे ठेवण्याचा छंदही तिला आहे. तपासाशी त्याचा फारसा संबंध नाही, तरी तो सोडवत नाही.

उणिवा सुरू होतात त्या प्रत्यक्ष तपासापाशी. हेरकथेत पुरावा दिसतो, त्यावरून तर्क होतो आणि मग कृती ठरते. येथे बहुतेक वेळा कृती आधी घडते आणि ती का लागू पडली याचा उलगडा नंतर होतो. कोडी स्वप्नातल्या तर्काने बांधलेली असल्यामुळे पिशवीतली प्रत्येक वस्तू प्रत्येक जागी लावून पाहणे हाच खेळाडूचा खात्रीचा मार्ग उरतो, आणि चुकीला कसलाच दंड नसल्याने खेळ या आंधळ्या चाचपणीला जणू उत्तेजनच देतो. कॅपकॉमच्या ‘एस अॅटर्नी’ मालिकेत न्यायालयात चुकीचा पुरावा पुढे केल्यास वकिलाची पत घसरते. सिंग या संस्थेच्या ‘होटेल डस्क : रूम २१५’ (२००७) या खेळात चुकीचा प्रश्न विचारणाऱ्या नायकाला हॉटेलबाहेर काढले जाण्याचा धोका असतो. दोन्हीकडे खेळाडूला विचार करून बोलावे लागते. टच डिटेक्टिव्हमध्ये तशी सक्ती नाही.

दुसरी अडचण घटनांच्या ठरीव क्रमाची आहे. एखादे संभाषण झाल्याशिवाय पुढची वस्तू हातीच येत नाही, उत्तर आधीच ओळखलेल्या खेळाडूलाही ताटकळावे लागते, आणि कोठे काय बदलले हे कळत नसल्यामुळे तीच ठिकाणे पुन्हापुन्हा पालथी घालावी लागतात. ठिकाणे मोजकी असल्याने ही पायपीट लवकर कंटाळवाणी होते. त्यातच मॅकेंझीची चाल संथ. बरे, एवढे करून खेळ लांबलचक आहे असेही नाही. वाट माहीत असणारा तो झटपट संपवतो, म्हणजे खेळण्याचा बराचसा वेळ कथेने नव्हे तर अडून बसण्याने भरलेला असतो. समीक्षकांनी चित्रशैली आणि संवाद यांना दाद देऊन कोड्यांवर बोट ठेवले, ते रास्तच होते.

२००७ मध्ये ‘टच डिटेक्टिव्ह २ १/२’ हा पुढचा भाग आला, मात्र मालिकेचे भवितव्य ठरवले ते तपासाने नव्हे, अळंबीने. फंगीचे मूळ जपानी नाव नामेको. जपानी स्वयंपाकात मिसो सूपमध्ये घातल्या जाणाऱ्या, बुळबुळीत टोपीच्या अळंबीचे ते नाव आहे. या पात्रावर बेतलेला ‘नामेको साइबाई किट’ हा मोबाइल गेम २०११ मध्ये निघाला. त्यात ओंडक्यावर उगवलेल्या अळंब्या बोट फिरवून उपटायच्या, आणि उशीर केल्यास त्या सुकून जातात, यापलीकडे काही नाही. तरीही तो जपानमध्ये अतोनात लोकप्रिय झाला आणि कापडी बाहुल्यांपासून लेखनसामग्रीपर्यंत नामेकोच्या मालाने दुकाने भरली. ‘मश्रूम गार्डन’ या नावाने तो इंग्रजीतही आला. मालिकेचा तिसरा भाग निन्टेंडो थ्रीडीएससाठी २०१४ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या उपशीर्षकात गुप्तहेर मुलीला जागा मिळाली नाही. ती नामेकोने घेतली होती.