घरगुती पाळणाघर : रोजचा योग्य दर कसा ठरवावा?

स्वतःच्या घरी शेजारच्या, ओळखीच्या घरांतील मुले सांभाळून उत्पन्न मिळवणाऱ्या महिलांसाठी ही माहिती आहे. उदाहरण दिल्लीतील हिंदूराव परिसराचे घेतले आहे. एकीकडे मलकागंजजवळचे हिंदूराव रुग्णालय, दुसरीकडे सदर बाजाराला लागून असलेला बाडा हिंदूराव. रुग्णालयातील पाळ्या, घाऊक बाजारातील दुकाने आणि घरकाम यांमुळे या भागात आईला दिवसभर बाहेर राहावे लागते. गलाईच्या कामासाठी सांगली-सातारा भागातून येऊन करोल बाग, चांदनी चौक परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही पद्धत वापरता येईल. तुमच्या गावाचे, शहराचे आकडे घातले की हाच हिशेब कुठेही लागू पडतो.

थोडक्यात

• घरगुती पाळणाघराचा दर सरकार ठरवून देत नाही. तो तुम्ही आणि पालक मिळून ठरवता.
• दरात दोन गोष्टी निघाल्या पाहिजेत : मुलांवर होणारा खर्च आणि तुमची स्वतःची मजुरी.
• शेजारची ताई किती घेते हे जरूर विचारा, पण तेवढ्यावरून दर ठरवू नका.
• ठरलेला दर लिहून ठेवा आणि पालकांची सही घ्या.

१. सरकारी पाळणाघराचा दर आपल्याला लागू होतो का?

नाही. पालक अनेकदा म्हणतात, "सरकारी पाळणाघरात महिन्याला वीस रुपये घेतात, तुम्ही एका दिवसाचे एवढे कसे घेता?" याचे उत्तर तुम्हाला माहीत असावे.

राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दर मुलामागे महिन्याला दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून २० रुपये, आई-वडिलांचे मिळून १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असल्यास १०० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास २०० रुपये, असे शुल्क ठरवले होते. २०२२ पासून ही योजना 'मिशन शक्ती'मध्ये 'पाळणा' या नावाने राबवली जाते. अशा केंद्रात सेविका आणि मदतनीस यांचे मानधन, पोषण आहार आणि इतर खर्च सरकारी निधीतून होतो. पालकांचे शुल्क हा त्या खर्चाचा लहानसा भाग असतो. तुमच्या घरी मात्र सगळा खर्च तुम्हीच करता. म्हणून या दोन दरांची तुलना होत नाही.

२. दर ठरवण्याच्या चार पायऱ्या

खालील उदाहरणातील घरखर्चाचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे खरे आकडे त्यांच्या जागी लिहा.

पायरी १ : जागा ठरवा. एकट्या बाईने एका खोलीत किती मुले नीट सांभाळता येतील, ते आधी ठरवा. सरकारी पाळणाघरात २५ मुलांपर्यंत एक सेविका आणि एक मदतनीस असते. तुम्ही एकट्या असाल, स्वयंपाकही त्याच घरात होत असेल, तर आकडा बराच कमी ठेवा. आपण ५ जागा धरू. स्वतःचे लहान मूल घरी असेल तर तीही एक जागा मोजा.

पायरी २ : महिन्याचा खर्च लिहा.

• खोलीभाड्यातील मुलांचा वाटा : १,५०० रुपये
• वीज, पाणी, गॅस : १,१०० रुपये
• साबण, फिनाईल, धुणे : ७०० रुपये
• चटया, चादरी, खेळणी, औषधपेटी, मोडतोड : ६०० रुपये

एकूण ३,९०० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर रोजचे १५० रुपये.

विजेचा आकडा उन्हाळ्यात पुन्हा तपासा. दिल्लीत घरगुती ग्राहकाला महिन्याला २०० युनिटपर्यंत वीजबिल शून्य येते. २०१ ते ४०० युनिटपर्यंत निम्मी सवलत, तीही ८०० रुपयांपर्यंतच मिळते. मुलांसाठी दिवसभर कूलर चालला की शून्याचे बिल एकदम अंगावर येते. ती वाढ पाळणाघराचा खर्च आहे.

पायरी ३ : स्वतःची मजुरी धरा. ही पायरी बहुतेक जणी गाळतात. "मी घरीच तर असते" असे म्हणून आपले आठ तास फुकट धरतात. दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १८,४५६ रुपये, म्हणजे रोज ७१० रुपये होते. अर्धकुशल कामगाराचे महिना २०,३७१ रुपये, म्हणजे रोज ७८४ रुपये. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बाईला हे वेतन कायद्याने कोणी देत नाही. पण आठ तासांच्या मेहनतीचे मोल मोजायला हे माप हाताशी आहे. आपण ७१० धरू. बालसंगोपनाचे प्रशिक्षण किंवा बरीच वर्षे अनुभव असेल तर ७८४ धरणेही रास्त आहे. किमान वेतनाचे आकडे वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात. हिशेब करताना चालू आकडा घ्या.

पायरी ४ : बेरीज करून भागा. खर्च १५० आणि मजुरी ७१० मिळून रोजचे ८६० रुपये. ५ जागांनी भागले की एका मुलाचे १७२ रुपये. जेवण-नाश्ता तुम्ही देत असाल तर त्याचा खर्च वेगळा मिळवा. तो ४० रुपये असेल तर दर २१२ रुपये होईल. महिन्याचे २६ दिवस धरून हे असे : घरचा डबा आणल्यास ४,४७२ रुपये, जेवणासह ५,५१२ रुपये.

वरचा हिशेब आठ तासांचा आहे. मुले सकाळी ७ ते संध्याकाळी ५ राहणार असतील तर ते दहा तास झाले. तासाला ८९ रुपये याप्रमाणे दोन तासांचे १७८ रुपये मजुरीत मिळवा. मग डब्यासह येणाऱ्या मुलाचा दर १७२ ऐवजी साधारण २०८ रुपये येतो.

३. खाडा झाला तर पैसे कोणाचे?

सगळ्यात जास्त वाद याच गोष्टीवरून होतात. मूल आले नाही तरी तुमची जागा अडलेली असते. भाडे आणि तुमचा दिवस दोन्ही चालूच असतात. म्हणून दोन दर ठेवा.

• महिन्याचा दर : रोज १७२ प्रमाणे ४,४७२ रुपये, पालकांच्या बाजूने खाडा झाला तरी पूर्ण.
• हजेरीचा दर : येईल त्या दिवसाचे पैसे. पाचपैकी सरासरी चारच मुले येतात असे धरून ८६० ला ४ ने भागा : रोज २१५ रुपये.

पालकांना हे आकडे लिहून दाखवा. महिन्यात चार खाडे झाले तरी हजेरीच्या दराने २२ दिवसांचे ४,७३० रुपये होतात, म्हणजे महिन्याच्या दरापेक्षा जास्त. नियमित कामावर जाणाऱ्या आईला महिन्याचा दर स्वस्त पडतो आणि तुम्हाला खात्रीचे पैसे मिळतात. ज्या आईचे कामच आज आहे, उद्या नाही, तिच्यासाठी हजेरीचा दर ठेवा.

तुमच्या आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे पाळणाघर बंद राहिले, तर त्या दिवसाचे पैसे घेऊ नका. सणांच्या सुट्ट्या महिन्याच्या सुरुवातीलाच सांगा.

एखादी जागा रिकामी असेल तर तिचा बोजा बाकीच्या मुलांवर टाकू नका. सुरुवातीला तीनच मुले आली, तर १७२ प्रमाणे ५१६ रुपये येतील आणि खर्च वजा जाता तुमच्या हाती ३६६ रुपये राहतील. ही तुमची पूर्ण मजुरी नव्हे, हे माहीत असू द्या. जागा भरेपर्यंत किती महिने असे चालवता येईल, ते आधीच ठरवा.

४. आईलाच परवडत नसेल तर?

हा प्रश्न खरा आहे. रोज ७१० रुपये मिळवणाऱ्या आईच्या कमाईचा जवळजवळ चौथा हिस्सा १७२ रुपयांत जातो. दोन मुले असतील तर निम्मी कमाई जाते. तिच्या हातात प्रत्यक्षात ४०० रुपयेच पडत असतील, तर ती मुलाला घरात कोंडून कामावर जाईल किंवा मोठ्या मुलीची शाळा सुटेल. तिला दर परवडला पाहिजे. आणि तुमची मजुरीही बुडता कामा नये. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, दोन टप्प्यांचा दर. नियमित पगार असलेल्या तीन घरांकडून रोज २०० रुपये आणि कमी कमाईच्या दोन घरांकडून १३० रुपये घेतले, तर ६०० आणि २६० मिळून ८६० रुपयेच होतात. एकाच घरातील दुसऱ्या मुलालाही १३० चा दर लावता येईल. हा नियम सर्वांना माहीत असू द्या. कोणाला गुपचूप सवलत दिली की ती बाहेर समजते आणि बाकीचेही घासाघीस करतात.

दुसरा मार्ग, खर्च कमी करणे. घरचा डबा, घरची चादर, जादा कपड्यांचा जोड पालकांनी द्यावा.

तिसरा मार्ग, सरकारी केंद्राची माहिती देणे. 'पाळणा' योजनेत ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांना सांभाळ, पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, वाढीवर लक्ष आणि आरोग्य तपासणी या सेवा मिळतात. जवळच्या अंगणवाडीत चौकशी करायला सांगा. जिला तुमचा दर झेपतच नाही, तिला योग्य जागा दाखवणे हीही मदतच आहे.

५. वेगळ्या परिस्थितीतील दर

• अर्धा दिवस : बरोबर निम्मा दर घेऊ नका, कारण उरलेल्या वेळेला दुसरे मूल मिळेलच असे नाही. १७२ च्या जागी ११० रुपये ठीक.
• तान्हे बाळ : एक वर्षाखालील बाळ दीड जागेचे धरा; दर २५८ रुपये. दोन बाळे घेतलीत तर तीन जागा भरल्या असे समजा.
• उशीर : पाळी लांबली, बस चुकली असे होतेच. पहिली १५ मिनिटे माफ. नंतर दर अर्ध्या तासाला ४५ रुपये, म्हणजे तुमच्या तासाच्या मजुरीच्या निम्मे.
• आजारी मूल : ताप, जुलाब, गोवर, कांजिण्या असताना मूल घेऊ नका. महिन्याच्या दरात हा पालकांच्या बाजूचा खाडा धरला जाईल, हे आधीच सांगा.

६. लिहून काय ठेवावे?

साध्या वहीत एका पानावर पुढील मजकूर पुरेसा आहे :

"मुलाचे नाव …… वय …… वेळ …… ते ……. दर महिना / हजेरी …… रुपये, दर महिन्याच्या …… तारखेपर्यंत आगाऊ. जेवण : घरचा डबा / पाळणाघराचे. उशिराचे शुल्क …… रुपये. मुलाला नेण्याचा अधिकार फक्त …… आणि …… यांना. औषध, आजार, ॲलर्जी : ……. पाळणाघर सोडायचे असल्यास दोन्ही बाजूंनी १५ दिवस आधी सांगावे. सही …… सही ……"

रोजची हजेरी आणि मिळालेले पैसे वेगळ्या पानावर लिहा. रोख घेतल्यास पावती द्या. यूपीआयने आलेल्या पैशांची नोंदही वहीत करा. भिंतीवर ११२ आणि मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ मोठ्या अक्षरांत लावा. भाड्याच्या घरात असाल तर सुरू करण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्या.

७. दर कधी आणि कसा वाढवावा?

वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यात. किमान एक महिना आधी सांगा आणि कारण आकड्यांत द्या. उदाहरणार्थ : "वहिनी, भाडे आणि गॅस मिळून महिन्याला ५०० रुपये वाढले. पाच मुलांत वाटून तुमच्याकडे १०० येतात. पुढच्या महिन्यापासून ४,४७२ ऐवजी ४,५७२." खर्चाची वही समोर ठेवली की बोलणे सोपे जाते.

८. तुम्हाला उपयोगी पडणाऱ्या योजना

• ई-श्रम नोंदणी : १६ ते ५९ वयाच्या, भविष्य निर्वाह निधी किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेत नसलेल्या असंघटित कामगारांसाठी. नोंदणी विनामूल्य. मदत क्रमांक १४४३४.
• उद्यम असिस्ट : अगदी लहान व्यवसायाची विनामूल्य नोंदणी. प्रमाणपत्रासाठी कोणत्याही दलालाला पैसे देऊ नका.
• मुद्रा कर्ज, शिशु गट : व्यवसायासाठी ५०,००० रुपयांपर्यंत, तारण न देता. हप्ता भरावा लागतो. तो दरातून निघेल का, हे पायरी २ मध्ये तपासूनच अर्ज करा.
• प्रधानमंत्री श्रम योगी मानधन : १८ ते ४० वयाच्या, महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी. वयाच्या ६० नंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन.

९. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मिळालेली सगळी फी माझे उत्पन्न धरायची का?
उत्तर : नाही. फीमधून मुलांवरचा खर्च वजा करा. वरच्या उदाहरणात महिन्याला २२,३६० रुपये जमा होतात, खर्च ३,९०० रुपये आणि तुमचे उत्पन्न १८,४६० रुपये. कोणत्याही योजनेच्या अर्जात उत्पन्न लिहिताना ते खरे लिहा. वहीचा आधार ठेवा. प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा वेगळी असते. उदाहरणार्थ, १८,४६० रुपये उत्पन्न असेल तर १५,००० रुपयांची मर्यादा असलेल्या योजनेत बसता येत नाही.

प्रश्न : शेजारी कोणी १०० रुपयांत मूल घेते. मी काय करू?
उत्तर : तिच्याकडे किती मुले आहेत आणि जेवण कोणाचे, हे आधी पाहा. पाच मुले १०० रुपयांत घेतल्यास ५०० रुपये येतात; १५० खर्च वजा केला की आठ तासांचे ३५० रुपये उरतात. तुमच्याकडे मुले कमी आहेत, घर स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते, हे पालकांना प्रत्यक्ष दाखवा. दर उतरवण्यासाठी मुलांची संख्या मात्र वाढवू नका. त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

प्रश्न : नात्यातल्या, गावाकडच्या माणसांकडून पैसे कसे मागायचे?
उत्तर : सुरुवातीलाच, पहिल्या दिवसाच्या आधी. दराचा कागद सर्वांना दाखवता तोच त्यांनाही दाखवा. सवलत द्यायची असेल तर ती किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे त्याच कागदावर लिहा.

आज करण्यासारखे काम : वहीत तीन ओळी लिहा. महिन्याचा खर्च, तुमची मजुरी, मुलांच्या जागा. पहिल्या दोहोंची बेरीज २६ ने आणि मग जागांनी भागा. जो आकडा येईल, त्यापासून पालकांशी बोलायला सुरुवात करा.