सेलरीमधील समवर्तिता-सुसंगतता

सेलरी ही पायथन भाषेत लिहिलेली मुक्त-स्रोत टास्क क्यू आहे. वेळखाऊ कामे रांगेत टाकून ती वर्करकडून पार्श्वभूमीवर करवून घेणे हे तिचे कार्य होय. वर्कर एकाच वेळी अनेक कामे कशी हाताळतो, हे त्याच्या पूलवर ठरते. मूलनिर्धारित प्रीफोर्क पूल अनेक प्रोसेस वापरतो. जीइव्हेंट व इव्हेंटलेट हे पूल ग्रीनलेट या हलक्या घटकांवर चालतात. पूल आणि इतर लायब्रऱ्या यांचा मेळ न बसल्यास वर्कर अडकतो किंवा बंद पडतो.

दोषांची कारणे

नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहताना ग्रीनलेट स्वतःहून नियंत्रण सोडतो व दुसऱ्याला वाव देतो. पायथनची सॉकेट, टाइम, एसएसएल ही मानक मॉड्यूल असे नियंत्रण सोडत नाहीत. त्यामुळे जीइव्हेंट प्रोग्राम चालू असतानाच त्यांतील फंक्शने बदलतो. या तंत्रास मंकी पॅचिंग म्हणतात. त्यातून प्रामुख्याने दोन प्रकारचे दोष उद्भवतात.

* उशिरा झालेले पॅचिंग : आधीच आयात झालेल्या मॉड्यूलकडे मूळ फंक्शनांचे संदर्भ राहतात. एसएसएलबाबत यातून ‘रिकर्शनएरर’ येऊ शकते. म्हणूनच हे पूल ‘वर्कर_पूल’ या सेटिंगने न निवडता आज्ञा-ओळीवरील ‘-पी’ पर्यायानेच निवडावेत, असे सेलरीचे दस्तऐवज सांगतात.
* सी भाषेतील लायब्रऱ्या : पोस्टग्रेएसक्यूएलसाठीची सायकोपीजी२ ही सी भाषेतील लिबपीक्यूवर आधारित असल्याने पॅचिंग तिच्यापर्यंत पोहोचत नाही. एक क्वेरी चालू असताना त्या प्रोसेसमधील सर्व ग्रीनलेट थांबतात. मात्र कोणतीही त्रुटी नोंदवली जात नाही.

निदान

प्रत्येकी ५ सेकंद थांबणारी १० कामे एकाच वर्करला देणे ही सोपी चाचणी आहे. पूलची क्षमता किमान १० असल्यास ती सुमारे ५ सेकंदांत संपतात; सुमारे ५० सेकंद लागल्यास कामे एकामागून एक होत आहेत, असा निष्कर्ष निघतो. प्रतीक्षा पायथनच्या ‘स्लीप’ने आणि डेटाबेसच्या ‘पीजी_स्लीप’ने अशी वेगवेगळी करवून घेतल्यास दोष पॅचिंगमध्ये आहे की डेटाबेस लायब्ररीत, हे कळते. तोच दोष सोलो किंवा प्रीफोर्क पूलवरही दिसल्यास त्याचे कारण बहुधा अन्यत्र असते. जीइव्हेंटचा निरीक्षक थ्रेड सुरू केल्यास ०.१ सेकंदाहून अधिक काळ अडवणाऱ्या कोडचा माग नोंदवला जातो.

उपाय

पॅचिंग इतर सर्व आयातींपूर्वी करणे हा मूलभूत उपाय होय. सायकोपीजी२साठी सायकोग्रीन ही जोड-लायब्ररी वापरतात. गणनाप्रधान कामे प्रीफोर्क वर्करकडे व नेटवर्कप्रधान कामे जीइव्हेंट वर्करकडे, अशा स्वतंत्र रांगा ठेवल्यास एका प्रकारची कामे दुसऱ्याला अडवत नाहीत.