सकरातीच्या आधीची भीती

लोणावळ्यातल्या कॅन्सरच्या रोग्याला दोनच वाटा. घाट उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलला, नाहीतर मावळ ओलांडून पुण्याला. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. पण ‘आता घरी न्या’ असे ऐकून जो परत फिरला, त्याने जायचे कुठे?

या प्रश्नाचा विचार लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या बाईंनी केला. आधी त्या परिचारिका, मग समाजसेविका, पुढे डॉक्टर झाल्या. वेदना शरीराची असते तशी मनाची, घरच्या काळजीची आणि रूहचीही असते, हे त्यांनी ओळखले आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला काढले. १९९७ मध्ये पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे केंद्र आले. तिथे उपचार मोफत, आणि घरचे माणूस रोग्याजवळ राहते.

दरम्यान १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतके जखडले, की अफू पिकवणाऱ्या या देशातच रोगी तळमळत मेले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आपल्या घरांत मात्र वेगळीच अडचण: ही नशा आहे, हराम आहे, सब्र करा. दुखण्याने गुनाह झडतात हे आपण मानतोच. पण इलाज करा हेही रसूलुल्लाह (स.) यांनीच सांगितले, आणि मजबुरीत दवा म्हणून अशी औषधे घेण्यास उलमांनी मुभा दिली आहे.

इयादत तर मुसलमानाचा मुसलमानावर हक्क. ती आपण कशी करतो? इंतकालाच्या तीन दिवस आधी रसूलुल्लाहनी, अल्लाहविषयी चांगली आस धरूनच मरण यावे, असे सांगितल्याची हदीस आहे. आम्ही मात्र उशाशी बसून कब्रच्या अजाबाच्या गोष्टी सांगतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांना आजाराचे नावच कुणी सांगितले नव्हते. यासीन सुरू झाली की त्या घाबरून पदर तोंडावर घेत. दुखणे गोळ्यांनी थोडे आवरल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, “कॅन्सरच ना?” मुलगा रडला. त्या रडल्या नाहीत. तयम्मुम करून इशाऱ्याने असरची नमाज पढल्या. मग सुटलेले रोजे बोटांवर मोजू लागल्या, आणि सुनेला म्हणाल्या, “फिदिया माझ्या बांगड्यांतून द्या, मुलाच्या पगारातून नको.”