लोखंडाच्या थकव्याचा हिशेब

आगरदांड्याहून आलेली फेरीबोट दिघीच्या जेट्टीला लागते, लोखंडी रॅम्प खाली टेकतो आणि गाड्या उतरू लागतात. प्रत्येक चाकाखाली रॅम्प किंचित लवतो, पुन्हा सरळ होतो. तार पुढेमागे वाकवून तोडायचा खेळ आपण सगळेच लहानपणी खेळलो आहोत. एका ओझ्याने न तुटणारा धातू दमून तुटतो, तो असा.

या दमण्याचा हिशेब खाणीतल्या साखळीपासून सुरू झाला. जर्मनीतील क्लाउस्टाल येथे विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास साखळीवर पुन्हा पुन्हा भार टाकून पाहिला. १८३४ मध्ये त्यांनी साखळीऐवजी लोखंडी तारांचा दोर वळला. बंदरातल्या क्रेनचा वायररोप याच घराण्यातला.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. पन्नासहून अधिक माणसे गेली. इंजिनियर रँकिन यांनी रेल्वेचे मोडलेले आस तपासले, तेव्हा आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यातून भेग हळूहळू आत शिरलेली दिसली. मग व्योलर या रेल्वे इंजिनियरने धावत्या गाडीचा आस किती वाकतो, ते सुईने जस्ताच्या पत्र्यावर ओरखडून घेतले. ताण किती आणि तो किती वेळा, या दोन्हींची सांगड त्यांनी घातली.

१९३८ मध्ये स्ट्रेन गेज आला. धातूवर चिकटवलेली बारीक तार त्याच्यासोबत ताणली जाते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून विकृती, म्हणजे धातू किती ताणला गेला ते, कळते. पण भेग जिथून सुरू होते त्या खाचेच्या तळाशी गेज बसत नाही. तिथे धातू कायमचा वाकला, तर ताणाच्या प्रमाणात विकृती धरणारे साधे गणितही चुकते. १९६१ मध्ये संशोधक नॉयबर यांनी वाट दाखवली: साध्या गणिताने येणाऱ्या ताण आणि विकृतीचा गुणाकार खऱ्या गुणाकाराइतकाच धरायचा. ताणाचे चढउतार मोजायची रीत १९६८ मध्ये जपानच्या एंडो यांनी दिली. आलेख उभा करायचा आणि उतरत्या छपरांवरून पावसाचे पाणी ओघळते तसा वाचायचा. कौलारू घरात वाढलेल्या कोकणी माणसाला ही रीत समजवावी लागत नाही.

ठरावीक मर्यादेखालच्या ताणाने पोलाद थकत नाही, असे कोरड्या हवेतले प्रयोग सांगतात. खाऱ्या पाण्यात ती मर्यादाच उरत नाही. म्हणून खाडीकाठी गणिताइतकीच रॅम्पच्या वेल्डिंगच्या कडेवर फिरणारी नजरही लागते.