तारण हरवतं का?

मिळालेलं तारण माणूस गमावू शकतो का? ख्रिस्ती मंडळींतला हा जुना वाद. कॅल्व्हिनपंथी म्हणतात, देवाने राखलेला निसटत नाही. वेस्लीपंथी म्हणतात, श्रद्धा सोडली तर तारणही जातं. आमच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशन आलं, ते मूळचं कॅल्व्हिनच्या वळणाचं. शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडमधला. आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला! पुढं त्यांनी हे लिहूनही ठेवलं. म्हणजे हरवण्याच्याही आधीचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला: मुळात मिळालं होतं का? मी मुसलमान. ईमान रोज तपासावं, असं आमच्याकडंही वडीलधारी सांगतात. म्हणून वादाच्या निकालापेक्षा बाईंनी स्वतःची घेतलेली ही झडती मला मोलाची वाटते.