भविष्यकाळाचा इतिहास : दूरदर्शनवरचं अवकाशयान आणि शेजारी बसलेलं लेकरू

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी टीव्हीवरच्या विज्ञानमालिकेवर काय बोलायचं? पण आमच्या पिढीचं मन कसं घडलं हे सांगायचं, तर ग्रंथालयाइतकंच त्या पेटीबद्दलही बोलावं लागतं.

आधी काळाची चौकट बघू. दिल्लीत दूरदर्शन १९५९ साली सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शिक्षणाचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत झाला. शेजारचे कर्नाटक आणि आंध्र त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. नांदेड-लातूरच्या वाट्याला ही पेटी उशिरानंच आली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी सोडला गेला, पाठोपाठ छोट्या प्रक्षेपकांचं जाळं देशभर पसरलं आणि आपल्याकडच्या माळवदांवर अँटेना उभ्या राहू लागल्या. म्हणजे बघा, अवकाशाची गोष्ट आमच्यापर्यंत आली तीही अवकाशातूनच!

त्याच दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. मूळ अमेरिकी मालिका १९६६ ते १९६९ मधली, ७९ भागांची. आपल्याकडे आली तेव्हाच ती जुनी होती, पण आम्हाला नवीकोरी वाटायची. इंग्रजी सगळ्यांना कुठं कळत होतं? कोणीतरी जाणता माणूस मध्येच मराठीत सांगायचा, आणि लेकरं पडद्याकडे कमी, त्याच्या तोंडाकडे जास्त बघायची. कीर्तनात मूळ अभंगापेक्षा निरूपण लक्षात राहतं, तसंच हे.

पुढं आपल्याही मालिका आल्या. १९८९ च्या सुमारास 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा', नव्वदच्या दशकात डॉ. जयंत नारळीकरांची 'ब्रह्मांड', १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम'. नारळीकरांनी त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. तेव्हा विज्ञानकथा मराठीला परकी नव्हती. उशीर झाला तो पडद्याला.

आता मुद्द्यावर येऊ. आमची नात सात वर्षांची आहे. आठवड्याला एक, असे 'स्टार ट्रेक'चे भाग आम्ही दोघं बघतो. दर दोन मिनिटांनी थांबवायचं, मराठीत सांगायचं, पुढं जायचं. गंमत अशी की आम्हाला जो भविष्यकाळ वाटला, तो तिच्या लेखी भूतकाळ आहे. कप्तान कर्क बोलायचं यंत्र काढून उघडतो, तेव्हा ती म्हणते, "जुना फोन आहे." भविष्यालाही तारीख असते, हे आम्हाला कोणत्या ग्रंथानं इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

एकदा तिनं विचारलं, "आजोबा, ही ताई नुसता फोनच का उचलते?" ही ताई म्हणजे उहुरा. १९६६ साली काळ्या वर्णाची स्त्री यानाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसते, हीच मोठी गोष्ट होती. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स काम सोडणार होत्या, मार्टिन लूथर किंग यांनी थांबवलं, असं त्या स्वतः सांगत. शेजारी जपानी वंशाचा सुलू, आणि दुसऱ्या वर्षापासून, ऐन शीतयुद्धात, रशियन चेकॉव्ह. हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण कप्तान का नाही?" प्रश्न तिथंच राहिला, आणि तो राहावाच.

आणि आपण काय बघत होतो? २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्या घरांत ते यान उतरलं, जिथं सगळे एका कक्षात बसत होते. त्या वेळी टीव्ही असलेल्या घरात ओसरीवर कोण बसलं आणि दाराबाहेरून कोणी बघितलं, हाही या मालिकेच्या आपल्याकडच्या इतिहासाचाच भाग आहे. नातीला तो सांगायचा की नाही? आमचं म्हणणं, सांगायचा. तिच्या वयाला पेलेल तेवढा, पण सांगायचा.

शेवटचा मुद्दा आमच्या विषयातला. यानातून माणूस विरघळतो आणि ग्रहावर पुन्हा प्रकटतो. नात विचारते, "खाली गेला तो तोच का, दुसरा?" डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १९८४ च्या ग्रंथात हाच प्रश्न अशाच यंत्राच्या आधारे मांडला. त्याच्या कितीतरी शतकं आधी 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजाला विचारतो, रात्रभर जळणारा दिवा पहाटे तोच असतो का? आम्ही तिला दिव्याचं सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "तेल तर संपत गेलं ना!" यावर वर्गात एक अख्खा तास घेता येईल.

लोक विचारतात, जुनी मालिका लेकरांवर का लादायची? लादू नयेच. कंटाळा आला तर उठून जायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि ती जातेही. आपली आवड तिची व्हावी, हा हेतूच नाही. पण मोबाइलवर एकटं बघणाऱ्या लेकराला प्रश्न पडला, तर तो विचारायचा कोणाला? त्यासाठी शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं. तेवढी जागा आपण, म्हाताऱ्यांनी, भरावी. आता प्रश्न असतील तर विचारा.